सम लांबवणारी माणसे

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. किराणा ओळ, भांडे ओळ, सराफा, जिकडे पाहावे तिकडे डोकीच डोकी. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे मिरवायचा मोठा पुतळा, निघते, दुसरीकडून काळी येते आणि नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघींची गाठ पडते. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. मागेपुढे महागाईची, खड्ड्यांची, पुढाऱ्यांची टर उडवणारे पुतळे, म्हणजे बडगे. डोळे या सगळ्यात गुंतून जातात, पण आपल्याला इथे काम आहे ते कानाशी. प्रत्येक ताफ्यापुढे त्याचे त्याचे वाजंत्री असतात: कुठे ढोल-ताशे, कुठे संदल, कुठे ट्रकवर रचलेले भोंगे. कुणी कुणाशी ठेका जुळवून घेतलेला नसतो. चौकाच्या कोपऱ्यावर उभे राहिले की एक ताफा डाव्या कानातून शिरतो, दुसरा उजव्या. आधी नुसता गोंगाट वाटतो. मग दोन्हीकडचे ढोल हळूहळू एकमेकांकडे सरकू लागतात, एका क्षणी दोन ठोके नेमके एकावर एक पडतात, छातीत धक्का बसतो आणि लगेच दोघे पुन्हा फाकतात.

2019 साली मारबत 31 ऑगस्टला निघाली. आदल्या दिवशी, ऐन पोळ्याच्या शुक्रवारी, लॉस एंजेलिसच्या ‘टूल’ या चौकडीचा ‘फिअर इनॉक्युलम’ हा अल्बम जगभर प्रसिद्ध झाला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पंचांगाने जुळवलेला योग, इतकेच. पण इतवारीच्या चौकात जे आपोआप घडते, तेच या चौघांनी वर्षानुवर्षे बसून मोजूनमापून घडवले होते, म्हणून मारबतीपासून सुरुवात केली. हे चौघे वाजवतात ते प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे डोके उठवणारे आणि डोक्यावरून जाणारे संगीत आहे, असा आपल्याकडे समज आहे. मांडीवर ताल धरून ज्याने चार मैफली ऐकल्या आहेत त्याला ते परके वाटण्याचे कारण नाही, असे मला वाटते. उलट रॉकवर वाढलेल्या अमेरिकन पोरापेक्षा त्याची तयारी थोडी अधिकच असते.

आधी हिशेब करून टाकू. डाव्या हाताने चार-चार मात्रांची टाळी द्या. उजव्या हाताने सात मात्रांचा तुकडा फिरवा. रूपक तोंडपाठ असेल तर तोच घ्या, तीन-दोन-दोन. दोन्ही हात एका क्षणी सुटले तर पुन्हा एकत्र कधी येतील? अठ्ठावीस मात्रा संपल्यावर. मधल्या वेळात उजवा हात कधी पुढे पळाल्यासारखा वाटतो, कधी अडखळल्यासारखा. ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन जरा हलते. तबलजी हेच खेळतो. तीनतालात पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा आणि मध्ये एकेका मात्रेची फट ठेवायची: पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज सतरा. समेवरून उचललेल्या तिहाईचा शेवटचा बोल बरोबर पुढच्या समेवर येऊन आदळतो. ज्यांना बेरीज येत नाही त्यांचीही मान डोलते, कारण हिशेब डोक्याला कळण्याआधी अंगाला कळलेला असतो.

स्वीडनमधल्या उमेओ गावचा ‘मेशुगा’ हा गट 1987 पासून याच धंद्यात आहे. ड्रमरचा एक हात झांजेवर चार-चार मोजत राहतो, त्याचे पाय आणि गिटारी मात्र विषम लांबीचा तुकडा परत परत फिरवत राहतात. समजा चौकट बत्तीस मात्रांची आणि तुकडा सातचा आहे. चार तुकडे बसले की अठ्ठावीस होतात, चार मात्रा उरतात. मग पाचवा तुकडा सुरू करायचा, चार मात्रांवर कापायचा आणि सगळ्यांनी मिळून पहिलीवर यायचे. ही कापण्याची जागा ओळखू येऊ लागली की मेशुगाची भीती जाते आणि व्यसन लागते.

हिशेब झाला, आता राहिला मेटलचा जडपणा. जडपणा वॉटवर मोजायचा असता तर मिरवणुकीतला कोणताही डीजे जगातला सर्वांत ‘हेवी’ कलाकार ठरला असता. मेटलचा जडपणा निराळ्या वाटेने येतो. इलेक्ट्रिक गिटारीचा सूर अॅम्प्लिफायरला पेलणार नाही इतका वाढवला की तरंगाचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या तरंगातून मूळ सुराच्या पटीतले कितीतरी उपस्वर नव्याने निघतात. तोच तो खरखरीत, भरगच्च आवाज. दोन सूर एकदम वाजवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. गंमत आहे ती इथे. सा आणि प यांचे प्रमाण दोनास तीन. वजाबाकी केली की उरतो एक, म्हणजे वाजवलेल्या षड्जाच्या एक सप्तक खालचा षड्ज. तो कोणत्याही तारेवर वाजलेला नसतो, तरी कानात येतो. दोन सूर वाजवून तिसरा, सगळ्यांत खोल सूर फुकट मिळतो. म्हणूनच मेटलचे गिटारवादक बहुतेक काळ सा-प ची जोडी घेऊन बसतात आणि गंधार मिसळायला कचरतात. गंधार आला की वजाबाक्या जागा सोडून पडू लागतात आणि सगळा चिखल होतो. तानपुऱ्याची पंचमाची जुळवणी ज्यांच्या कानात मुरलेली आहे त्यांना हे चटकन पटेल.

टूलचा गिटारवादक अॅडम जोन्स सगळ्यांत जाड तार एक पूर्ण सूर उतरवतो, म्हणजे 82 हर्ट्‌झवरून सुमारे 73 वर. मेशुगावाल्यांनी आठ तारांची गिटार घेतली आणि 44 च्या आसपास जाऊन पोचले. पण नुसते खाली उतरून भागत नाही. उजव्या तळहाताची कड तारांच्या बुडाशी टेकवून ठेवायची, सूर निघाला की लगेच दाबून टाकायचा. ठोका पडतो, शेपूट राहत नाही. दोन ठोक्यांमध्ये जी स्वच्छ फट राहते तिच्यामुळे पुढचा ठोका घणासारखा बसतो. मिरवणुकीतल्या भोंग्यांना नेमकी ही फट परवडत नाही.

प्रोग्रेसिव्ह मेटलचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण त्यात वंशावळ फार आणि गोष्ट कमी आहे. 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या प्रोग्रेसिव्ह रॉकने लांबलचक गाणी आणि वाकडे ताल आणले. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या काही गटांनी त्यांना मेटलच्या भट्टीत घातले. सिअॅटल परिसरातल्या ‘क्वीन्सराइक’ने 1988 मध्ये सबंध अल्बमभर एकच कथा सांगितली. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात 1985 मध्ये भेटलेल्या तीन पोरांनी पुढे ‘ड्रीम थिएटर’ नावाने 1992 मध्ये ‘इमेजेस अँड वर्ड्‌स’ काढला आणि या संगीताला बाजारात स्वतःचे दुकान मिळाले. त्यांच्या पाठोपाठ जी रांग लागली तिच्यात तयारी दाखवण्याचा सोस असलेले फार होते. वेगाने तान घेणारा प्रत्येक जण गवई नसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

टूलचा जन्म 1990 चा. त्यांच्याकडे वेग बेताचाच, हिशेब मात्र पक्का. त्यांच्या ‘स्किझम’ या गाण्याचा मुख्य तुकडा पाच आणि सात असा लंगडत चालतो. बेरीज बाराच, पण एकताल म्हणून मोजायला गेलात तर पहिल्याच आवर्तनात पाय घसरेल. ‘लॅटरलस’ हे 2001 चे गाणेही गाजले. त्यातल्या सुरुवातीच्या ओळींतली अक्षरे एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी चढतात आणि पुन्हा पाच, तीन अशी उतरतात. शिवाय ध्रुवपदात ताल नऊ, आठ, सात मात्रांनी आळीपाळीने चालतो. जगभरच्या चाहत्यांनी फिबोनाची, फिबोनाची म्हणून गजर केला.

आपण इथे जरा थांबू. फिबोनाचीचे पुस्तक 1202 चे. त्याआधी, 1150 च्या सुमारास, गुजरातेत हेमचंद्रांनी आणि त्यांच्याही काही शतके अगोदर विरहांकांनी हीच संख्यांची माळ मांडून ठेवली होती, आणि तीही छंदशास्त्रात, ताल मोजता मोजता. प्रश्न साधा होता: लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? चार मात्रा घ्या. गुरू-गुरू. गुरू-लघु-लघु. लघु-गुरू-लघु. लघु-लघु-गुरू. लघु-लघु-लघु-लघु. झाले पाच प्रकार. तीन मात्रांचे तीन, दोनचे दोन. आणि चारचे पाच का, तर ओळीचा शेवट लघूने झाला तर मागे तीन मात्रा उरतात, गुरूने झाला तर दोन. तीन अधिक दोन पाच. पाच मात्रांचे आठ, सहाचे तेरा, याच रीतीने. म्हणजे एका अमेरिकन गायकाने ही माळ अक्षरांवर चढवली तेव्हा ती, त्याला माहीत असो वा नसो, आपल्या मूळ गावी परत आली होती. मराठीत मात्रावृत्त लिहिणारा प्रत्येक कवी या गावात राहतो, फक्त पाटी वाचत नाही.

टूलचा ड्रमर डॅनी केअरी तबला शिकला आहे. आलोक दत्ता हे त्याचे गुरू. गटाच्या 2000 सालच्या ‘सॅलिव्हल’ या संचात एका मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा तबला ऐकू येतो. 2006 च्या ‘10,000 डेज’मधले ‘राइट इन टू’ हे अकरा मात्रांचे गाणे ऐका. मध्येच गिटारी बाजूला होतात आणि केअरी तबला घेऊन पुढे येतो. परदेशी रॉकमध्ये तबला बहुधा अगरबत्तीसारखा वापरतात, वातावरणापुरता. केअरीने घेतला तो शोभेचा नाद नव्हे, आवर्तन डोक्यात धरून आतल्या आत भागाकार करण्याची सवय. त्याचे चार हातपाय चार वेगळ्या लांबीचे तुकडे वाजवत असतात आणि पहिली मात्रा कुठे आहे हे त्याला एकट्यालाच माहीत आहे असे वाटते. मग सगळे एकदम तिथे येतात.

‘10,000 डेज’ नंतर पुढचा अल्बम यायला तेरा वर्षे लागली. मध्ये कोर्टकचेरी होती, ती 2015 मध्ये मिटली. चौघांचे आपापले उद्योग होते, आणि हे लोक मुळात घाई करणारे नव्हेत. गायक मेनार्ड जेम्स कीनन अॅरिझोनात द्राक्षे लावून वाइन करतो, त्यामुळे नाशिककरांना तो आपला वाटायला हरकत नाही. टूलची पद्धत अशी की आधी तिघे वादक मिळून सबंध वाद्यरचना उभी करतात, शब्द आणि गाणे सर्वांत शेवटी येतात. अल्बम आला तेव्हा केअरी 58 वर्षांचा होता, कीनन 55 चा, जोन्स 54 चा आणि बेस वाजवणारा जस्टिन चान्सेलर 47 चा. ध्वनिमुद्रण ‘जो बारेसी’ या ध्वनिमुद्रकाने फितीवर केले, जुन्या पद्धतीने. सीडीवर सुमारे 79 मिनिटांचा ऐवज, त्यात सहा गाणी दहा मिनिटांच्या वरची. शीर्षकगीत बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादीत आले तेव्हा त्या यादीतले तोवरचे सर्वांत लांब गाणे ठरले. पहिल्याच आठवड्यात अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि टेलर स्विफ्टचा ‘लव्हर’ खाली सरकला. पंधरा मिनिटांहून लांब ‘टेम्पेस्ट’साठी 2020 च्या जानेवारीत ग्रॅमी मिळाले; त्या गाण्याच्या नावात पहिल्या अक्षराच्या जागी इंग्रजी सातचा आकडा लिहिलेला आहे. सबंध अल्बमवर सातचे राज्य आहे. याच गाण्याची सुरुवातीची गिटार 21 मात्रांवर फिरते.

या अल्बममध्ये ‘इन्व्हिन्सिबल’ नावाचे गाणे आहे. विषय आहे म्हातारा होत चाललेला योद्धा. लढाई सोडवत नाही, पण आपली जगाला गरज उरली आहे का याची त्याला खात्री नाही. बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या रॉक संगीतकारांनी हे गाणे करणे यात कबुली आहे आणि थोडी मिजासही. रॉक हा तरुणांचा मुलूख मानला जातो. विशीत पेटायचे, तिशीत मिरवायचे आणि पुढे जुनीच गाणी वाजवत दौरे काढायचे, हा त्याचा ठरलेला जीवनक्रम. आपल्याकडचा हिशेब उलटा आहे. ख्यालगायक चाळिशीत ‘होतकरू’ असतो आणि साठीत रंगात येतो. भीमसेन जोशी सवाई गंधर्व महोत्सवात शेवटचे गायले ते 2007 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी. प्रोग्रेसिव्ह मेटल हा मेटलचा असा एक कोपरा आहे जिथे वय ख्यालासारखे उपयोगी पडते, आणि त्याचे कारण ताकदीत नसून धीरात आहे. विशीतल्या वादकाला समेवर यायची घाई असते. बारा मात्रांचा विलंबित एकताल मिनिटभर चालवायचा आणि त्या मिनिटात श्रोत्याला बांधून ठेवायचे, हे धाडस मुरल्याशिवाय येत नाही. ‘फिअर इनॉक्युलम’मधली गाणी तशी चालतात. एकेक सूर मांडत, मागे घेत, पुन्हा मांडत चौथ्या-पाचव्या मिनिटापर्यंत येतात आणि तोवर मोठा आवाज झालेलाच नसतो. मग जेव्हा चौघे एकत्र पडतात तेव्हा तो भार सगळ्या थांबलेल्या मिनिटांचा असतो.

कॅनडाच्या ‘रश’ या गटाचा ड्रमर नील पर्ट तर 1994 च्या सुमारास, चाळिशी ओलांडल्यावर आणि जगभर नाव झाल्यावर, फ्रेडी ग्रूबर या वयोवृद्ध शिक्षकाकडे जाऊन काठी धरण्यापासून पुन्हा शिकला. आपल्याकडे याची बातमी होणार नाही. तिकडे अजून सांगतात.

‘फिअर इनॉक्युलम’ निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. धीर आणि रेंगाळणे यांच्यातली रेघ बारीक असते आणि ‘कलिंग व्हॉइसेस’मध्ये ती ओलांडली गेली आहे, बढत चालू आहे असे वाटते, पण राग पुढे सरकत नाही. कीननचा आवाज पूर्वी फाडून काढायचा, इथे तो बराच वेळ जपून गातो. आणि पहिल्या आवृत्तीच्या डब्यात चार इंची पडदा, भोंगा आणि चार्जिंगची तार घालण्याचा थाट कशासाठी होता हे मला कळलेले नाही. तरीही वीस आवर्तने मोजून एकविसाव्याला समाधान देणारे हेवी संगीत हवे असेल तर हाच अल्बम आधी सुचवीन. ऐकायची सुरुवात ‘न्यूमा’पासून करावी, मांडीवर हात ठेवून, आणि पहिल्या खेपेला शब्दांकडे सरळ दुर्लक्ष करावे.

महाराष्ट्रात या संगीताचे पीक मुख्यतः मुंबईत आले, पुण्यात बाजार भरला. पुण्याच्या वीकेंडर महोत्सवात 2016 मध्ये ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन येऊन गेला, 2019 मध्ये स्वीडनचा ‘ओपेथ’ वाजला. ड्रीम थिएटर 2017 मध्ये मुंबईला आले. विदर्भातली पोरे असल्या मैफिलींना रात्रीच्या गाडीने जातात आणि सकाळच्या गाडीने परततात. घरची निर्मिती पाहायची तर मुंबईच्या ‘कोशिश’ गटाचा 2013 चा हिंदी अल्बम ‘फिरदौस’ घ्यावा. त्यात एक अखंड गोष्ट आहे, पण गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटलेला. मुखपृष्ठावरच्या खुणा पाहून श्रोत्याने तो लावायचा. कोडे घालणाऱ्या संगीताला कोड्याचेच वेष्टन, ही कल्पना मला फार आवडते. एकाच वेळी गाणी आणि खेळ.

आणि ‘डेमॉनिक रेझरेक्शन’. साहिल मखिजाने 2000 साली मुंबईत हा गट काढला तेव्हा भारतात मेटल वाजवून पोट भरते असे कुणी सांगितले असते तर लोक हसले असते. आजही हसतील. 2010 मध्ये लंडनच्या मेटल हॅमर मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात या गटाला ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात ते वाजले, आणि तरी मखिजाला महाराष्ट्राबाहेर बरेच लोक ओळखतात ते त्याच्या यूट्यूबवरच्या स्वयंपाकाच्या वाहिनीमुळे. 2017 मध्ये त्यांनी ‘दशावतार’ काढला. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक. वामनानंतर परशुराम, मग राम, कृष्ण, बुद्ध. जात डेथ मेटलची, बांधणी सिंफनीची, इंग्रजी शब्द घशातून गुरगुरत काढलेले. नरसिंहाला ही गायकी शोभते यात नवल नाही. अवघड होते ते बुद्धाचे गाणे. सिंधुदुर्गातले दशावतारी कलाकार रात्रभर पखवाज आणि झांजेवर अशाच पुराणकथा उभ्या करतात, आणि रौद्र पात्रांवर त्यांचीही अधिक माया असते.

माझ्या कानाला ‘दशावतार’मध्ये हिशेब कमी आणि मांडणी जास्त वाटते, भारतीय वाद्यांचे रंग आहेत, तालाचे भागाकार बेताचे. केअरीने तबल्यातून जे उचलले ते आपल्या गटांनी अजून पुरते उचललेले नाही. त्यांना ते दाराशी मिळते, कदाचित म्हणूनच. पण टूलची सुरुवातीची गाणीही बरीचशी सरळ चालीची होती. ‘फिअर इनॉक्युलम’ आला तेव्हा तो गट 29 वर्षांचा झालेला होता; त्या मापाने 2000 साली सुरू झालेल्या मुंबईकरांची तीच वेळ 2029 मध्ये येते.